माकडबेटाचा चेहरा आणि त्याचे चित्रकार

समुद्र, चांचे आणि जमिनींत पुरून ठेवलेला खजिना ह्या तीन गोष्टींनीं गेल्या दीडशें वर्षांत जेवढीं मुलें रात्रीं जागवलीं असतील, तेवढीं दुसऱ्या कशानें क्वचितच जागवलीं असतील. पूर्वीं ही कथा पुस्तकांत वाचावयाची असे. पुढें ती चित्रपटांत पहावयाची झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाच्या पडद्यावर ती स्वतः खेळावयाची झाली. ह्या शेवटल्या प्रकारांत ज्या एका मालिकेनें आपलें नांव टिकविलें ती 'मंकी आयलंड', म्हणजे माकडबेट. तिचा पहिला खेळ १९९० सालीं निघाला व सहावा २०२२ सालीं. बत्तीस वर्षांत खेळ सहाच निघाले. परंतु त्यांतील माणसांचीं व बेटांचीं चित्रें रसिकांनीं निव्वळ हौसेनें इतकीं काढलीं आहेत कीं त्यांची मोजदाद करणें अशक्य आहे. मूळ खेळ आणि रसिकांचीं चित्रें ह्यांचा हा स्नेह कसा जडला आणि एका प्रसंगीं तो कडू कां झाला, ह्याचा इतिहास विचार करण्यासारखा आहे.

ज्यांनीं असा खेळ कधीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं प्रथम त्याची रीत सांगितली पाहिजे. साहसकथेच्या ह्या खेळांत बोटांची चपळाई लागत नाहीं, डोकें लागतें. पडद्यावर एक देखावा असतो, त्यांत आपला नायक उभा असतो, आणि त्याच्या हातून वस्तु उचलवून, दारें उघडवून, लोकांशीं बोलवून कथा पुढें न्यावयाची असते. आरंभीच्या खेळांत नायकास काय करावयास सांगावयाचें तें इंग्रजी वाक्य लिहून सांगावें लागे, आणि यंत्राच्या कोशांत तो शब्द नसला म्हणजे सारें अडून बसे. जॉर्ज लूकस ह्या चित्रपटकाराच्या कंपनीची कॅलिफोर्नियांत खेळ तयार करणारी एक शाखा होती. तेथें काम करणाऱ्या रॉन गिल्बर्ट ह्या तरुणानें १९८७ सालीं गॅरी विनिक ह्याच्यासह 'मॅनिअक मॅन्शन' हा खेळ केला, आणि त्यासाठीं एक नवी व्यवस्था रचली. उघड, ढकल, दे, उचल अशीं क्रियापदें पडद्याच्या तळाशीं मांडून ठेवावयाचीं. खेळणाऱ्यानें क्रियापदावर व मग वस्तूवर बोट दाखवावयाचें, कीं वाक्य पुरें झालें. ह्या व्यवस्थेस 'स्कम' असें आद्याक्षरांचें नांव पडलें. माकडबेटाच्या पहिल्या खेळांत चांच्यांचा जो गुत्ता आहे त्याचें नांव ह्याच व्यवस्थेवरून ठेवलेलें आहे.

गिल्बर्टनें १९८९ सालीं एक लेख लिहून अशा खेळांचे दोष स्पष्ट सांगितले. एखादी चूक होतांच नायक एकाएकीं मरतो आणि खेळणाऱ्यास पुन्हां आरंभापासून यावें लागतें, ही त्याची एक मोठी तक्रार होती. पुढल्या वर्षीं निघालेल्या 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' मध्यें त्यानें हा दोष काढून टाकला. त्याच्या जोडीस टिम शेफर व डेव्ह ग्रॉसमन हे दोन तरुण लेखक होते. ह्या खेळांतला नायक मरत नाहीं म्हटलें तरी चालेल. त्याला एकच विद्या उत्तम येते, ती म्हणजे दहा मिनिटें श्वास रोखून धरण्याची. एका प्रसंगीं त्याला पाण्याच्या तळाशीं बांधून टाकतात. तेथें खेळणारा दहा मिनिटांहून अधिक वेळ नुसता बसून राहिला तरच बिचारा प्राणास मुकतो! मरणाचें भय गेल्यामुळें खेळणारा निर्धास्तपणें हिंडूं लागला, प्रत्येक कोपरा न्याहाळूं लागला, आणि पाहिलेलें स्थळ त्याच्या मनांत घर करून राहिलें. रसिकांच्या चित्रांचें मूळ शोधावयाचें तर तें ह्या न्याहाळण्यांत सांपडतें.

खेळाची कल्पना गिल्बर्टला दोन ठिकाणांहून मिळाली. डिस्नेलँड येथें १९६७ सालीं सुरू झालेली चांच्यांची जलसफर ही एक. नावेंत बसून तेथले देखावे पाहतांना खालीं उतरून आंत शिरतां आलें असतें तर, अशी त्याची इच्छा होती. दुसरें मूळ म्हणजे टिम पॉवर्स ह्या लेखकाची 'ऑन स्ट्रेंजर टाइड्स' ही १९८७ ची कादंबरी. कथा मात्र साधी आहे. गायब्रश थ्रीपवुड नांवाचा एक भाबडा तरुण चांचा होण्याच्या इच्छेनें 'मेले' नांवाच्या बेटावर येतो. मराठी कानास हें नांव अशुभ वाटेल. पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ हातघाईची झुंज असा आहे, आणि ह्या खेळांत मरण तर जवळजवळ नाहींच! चांच्यांचे पुढारी त्याला तीन कसोट्या घालून देतात: तलवारबाजी, चोरी आणि खजिन्याचा शोध. तेथील राज्यपाल एलेन मार्ली हिच्यावर त्याचें प्रेम जडतें, आणि लेचक नांवाचा पिशाच झालेला चांचा तिला पळवून नेतो.

ह्यांतील तलवारबाजी विशेष प्रसिद्ध आहे. तिच्यांत जय मनगटाच्या जोरावर मिळत नाहीं, जिभेच्या जोरावर मिळतो. प्रतिपक्षी टोमणा मारतो आणि त्यास चपखल बसेल असें प्रत्युत्तर द्यावें लागतें. रस्त्यांत भेटणाऱ्या चांच्यांशीं हरत हरत नायक उत्तरें शिकतो. शेवटीं जिच्याशीं गांठ पडते ती तलवारबाज स्त्री मात्र पूर्वीं कधीं न ऐकलेले टोमणे मारते, आणि जुनींच उत्तरें नव्या टोमण्यांस जुळवून लावावीं लागतात. पाठ केलेलें उत्तर नव्या प्रश्नास लावतां येणें हीच खऱ्या शिक्षणाची खूण आहे, आणि ती एका विनोदी खेळानें दाखवावी ही गंमतीची गोष्ट होय.

आतां ह्या खेळांतील चित्रांकडे वळूं. त्या काळीं पडद्यावर आडवे ३२० व उभे २०० असे एकूण ६४,००० ठिपके मिळत. पहिल्या आवृत्तींत रंग अवघे १६, आणि तेहि चित्रकारानें निवडलेले नव्हेत. यंत्र बनविणाऱ्यानें आधींच ठरवून दिलेले. एवढ्या शिदोरीवर रात्रीचें आकाश, कंदिलाचा उजेड आणि समुद्रावरचें चांदणें रंगवावयाचें होतें. मार्क फेरारी ह्या चित्रकारानें दोन रंगांचे ठिपके आलटून पालटून मांडण्याची युक्ति वापरली. अशा जागीं डोळ्यास तिसराच रंग दिसतो, आणि जवळ नसलेला रंग पदरांत पडतो. अशीं चित्रें यंत्रांत साठविण्यास अधिक जागा लागत असे, म्हणून ही रीत आरंभीं वरिष्ठांस रुचली नव्हती; परंतु तिचा परिणाम पाहिल्यावर ती मान्य झाली. पुढें २५६ रंगांची सुधारलेली आवृत्ति निघाली आणि तिच्यांत माणसांचे जवळून दिसणारे चेहरे नव्यानें काढण्यांत आले. म्हणजे पहिल्याच खेळाच्या दोन आवृत्त्यांत एकाच माणसाचे दोन चेहरे झाले, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

नायकाचें नांवहि चित्राच्या पेटींतूनच निघालें. पात्र तयार होत असतांना त्याला नांव नव्हतें. सारे त्याला नुसते 'गाय', म्हणजे गडी, म्हणत. चित्रें काढण्याच्या साधनांत अशा सुट्या आकृतीस 'ब्रश' म्हणत. स्टीव्ह पर्सेल ह्या चित्रकारानें आकृति साठवितांना त्या नांवापुढें 'ब्रश' हा शब्द जोडला, आणि गायब्रश हें नांव कायम झालें. कुंचल्याच्या नांवानें ओळखला जाणारा हा कथानायक पुढें इतक्या चित्रकारांच्या हातीं गेला, हा योग विलक्षण खराच.

त्या पडद्यावर गायब्रशची आकृति बोटभर उंचीची दिसे. पांढरा सदरा, काळी विजार, आणि चेहऱ्याच्या जागीं मोजके ठिपके. डोळ्यांत मिस्किलपणा आहे कीं भाबडेपणा आहे, हें तेवढ्या ठिपक्यांत सांगणें शक्यच नव्हतें. रांगोळीचे ठिपके मांडून झाल्यावर रेघ कोठून कशी ओढावयाची हें ज्याच्या त्याच्या हातावर असतें. तसेंच येथें झालें. यंत्रानें ठिपके मांडून दिले आणि रेघ प्रत्येक खेळणाऱ्यानें आपल्या मनानें ओढली. खोक्याच्या झांकणावर पर्सेलनें रंगविलेलें झोंकदार चित्र होतें, त्याचा आधार घेऊन कोणी नायक देखणा कल्पिला, कोणी हडकुळा, कोणी अगदीं पोरगेला. खेळणारे जितके, तितके गायब्रश झाले.

ह्यानंतर मालिकेचा प्रत्येक खेळ नवें रूप घेऊन आला. १९९१ च्या 'लेचक्स रिव्हेंज' मध्यें पीटर चॅन व पर्सेल ह्यांनीं देखावे कागदावर रंगविले, आणि ते यंत्रानें टिपून पडद्यावर आणले. नायकास दाढी आली, निळा कोट आला. त्या खेळाचा शेवट तर असा गूढ होता कीं त्याचा अर्थ लावण्यांत रसिकांचीं पुढलीं तीस वर्षें गेलीं. त्यानंतर लवकरच गिल्बर्टनें कंपनी सोडली. १९९७ सालीं जोनाथन अ‍ॅकली व लॅरी अहर्न ह्यांच्या नेतृत्वाखालीं 'द कर्स ऑफ मंकी आयलंड' निघाला. त्यांत सारें हंसत्या-खेळत्या व्यंगचित्रपटासारखें होतें, नायक उंच व काटकुळा झाला होता, आणि त्याला डॉमिनिक अर्माटो ह्यानें प्रथमच आवाज दिला. २००० सालच्या चौथ्या खेळांत आकृत्या घनरूप झाल्या. २००९ सालीं ग्रॉसमनच्या देखरेखीखालीं दुसऱ्या एका कंपनीनें पांच भागांचा पांचवा खेळ काढला. त्याच वर्षीं पहिल्या खेळाची व पुढल्या वर्षीं दुसऱ्याची नव्यानें रंगविलेली आवृत्ति प्रसिद्ध झाली. तिच्यांत एक कळ दाबतांच नवें चित्र जाऊन जुनें येई, पुन्हां दाबतांच जुनें जाऊन नवें येई. मधलीं वीस वर्षें एका बोटाखालीं सामावलीं होतीं!

ह्या काळांत रसिक स्वस्थ बसले नव्हते. दोन खेळांमध्यें नऊ नऊ वर्षांचें अंतर पडे, आणि तें त्यांनीं स्वतःच्या हातांनीं भरून काढलें. कोणी सोळा रंगांतल्या जुन्या देखाव्यांवरून तैलरंगाच्या थाटाचीं मोठीं चित्रें काढलीं. कोणी उलट वाटेनें गेले आणि पुढल्या काळांतले गुळगुळीत देखावे मुद्दाम ठिपक्याठिपक्यांनीं रचून, १९९० सालीं ते कसे दिसले असते हें दाखविलें. तीन तोंडांचें माकड, बडबड्या दुकानदार, पिशाचाची हिरवी दाढी हे तर ठरलेले विषयच झाले. ज्यांस चित्र येत नव्हतें त्यांनीं बेटांचे नकाशे काढले. ह्या चित्रांतून पैसा मिळविण्याचा बहुतेकांचा हेतु नव्हता. आणि असता तरी कायद्यानें तीं पात्रें कंपनीचीं, चित्र काढणाऱ्याचीं नव्हेत.

ह्याहून मोलाचें एक काम रसिकांनीं केलें. यंत्रें बदलत गेलीं तसे जुने खेळ नव्या यंत्रांवर चालेनासे झाले. छापील पुस्तक शंभर वर्षांनीं कपाटांतून काढून वाचतां येतें. खेळाचें तसें नाहीं. २००१ सालीं कांहीं हौशी जाणकारांनीं 'स्कमव्हीएम' नांवाची एक व्यवस्था लिहिण्यास आरंभ केला, आणि तिच्यामुळें जुने खेळ नव्या यंत्रांवर पुन्हां चालूं लागले. ती सर्वांस विनामूल्य दिलेली आहे. ज्या काळीं मूळ कंपनीस आपल्या जुन्या मालाची फारशी पर्वा नव्हती, त्या काळीं तो माल रसिकांच्या मेहनतीनें जिवंत राहिला. पोथ्यांच्या नकला करून ठेवणाऱ्या लेखकूंचें जें काम, तेंच हें.

२०१२ सालीं डिस्ने कंपनीनें लूकसची कंपनी विकत घेतली आणि २०१३ सालीं खेळ बनविणारी शाखा बंद झाली. माकडबेट आतां डिस्नेच्या मालकीचें झालें. २०१६ सालीं गिल्बर्टनें आपल्या जुन्या खेळांचे हक्क आपणांस विकत द्यावेत अशी डिस्नेस जाहीर विनंति केली. ती फळास आली नाहीं. ज्यानें तें जग कल्पिलें, त्याचीच मालकी त्यावर नव्हती. कायद्याच्या दृष्टीनें निर्माता आणि वहींत चित्र काढणारा शाळकरी मुलगा हे दोघेहि एकाच पंगतींत बसले होते.

तरीहि अखेर मार्ग निघाला. १ एप्रिल २०२२ ह्या दिवशीं गिल्बर्टनें आपण नवा खेळ करीत असल्याचें लिहिलें. एप्रिल महिन्याचा पहिला दिवस असल्यामुळें पुष्कळांनीं ती थट्टा समजली. तीन दिवसांनीं रीतसर घोषणा झाली तेव्हां आनंदास पारावार राहिला नाहीं. परंतु नव्या खेळाचीं दृश्यें बाहेर आलीं आणि वारें फिरलें. कलादिग्दर्शक रेक्स क्राउल ह्यानें देखावे कागदाच्या कातरकामासारखे, कोनदार व भडक रंगांचे केले होते. पुष्कळांस जुने ठिपके हवे होते. त्यांच्या हातीं एक आधारहि होता. २०१३ सालीं गिल्बर्टनें स्वतःच लिहिलें होतें कीं आपण पुन्हां माकडबेट केलें तर तें जुन्या धर्तीच्या चित्रांचें करूं. नाराजी समजण्यासारखी होती. पण नाराजीची शिवीगाळ झाली, टीका चित्रावरून माणसावर घसरली, आणि जून २०२२ मध्यें गिल्बर्टनें आपल्या लेखांखालीं वाचकांनीं मतें लिहिण्याची सोयच बंद केली.

त्याचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. पहिले दोन खेळ ठिपक्यांचे व्हावे म्हणून कोणी ते तसे केले नव्हते; त्या वेळीं मिळत असलेलें उत्तमांतलें उत्तम साधन चित्रकारांनीं वापरलें, इतकेंच. ठिपका ही त्यांची अडचण होती. काळानें त्या अडचणीस सौंदर्य दिलें. आणि मालिकेचा इतिहास पाहिला तर कोणत्याहि दोन खेळांत गायब्रशचा चेहरा एकसारखा नाहीं. मग जो 'खरा' चेहरा बिघडला म्हणून इतका संताप झाला, तो होता तरी कोठें? पडद्यावर तो कधींच नव्हता. ठिपक्यांमधली रेघ ज्यानें त्यानें लहानपणीं आपल्या मनांत ओढली होती, आणि नव्या चित्रानें धक्का दिला तो त्या रेघेला.

हें दुःख मात्र खोटें म्हणतां येणार नाहीं. चांच्यांच्या कथांचा आद्य ग्रंथ म्हणून गाजलेल्या 'ट्रेझर आयलंड' ह्या कादंबरीचा कर्ता स्टीव्हन्सन ह्यानें तेंच भोगलें होतें. १८८१ सालीं स्कॉटलंडमध्यें सावत्र मुलाच्या करमणुकीसाठीं त्यानें एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला, आणि त्या नकाशांतून कथा उगवली. १८८३ सालीं पुस्तक छापण्याच्या वेळीं तो नकाशा प्रकाशकाकडे पोंचलाच नाहीं. मग त्यानें कथेवरून हिशेब करून, वडिलांच्या कचेरींत दुसरा नकाशा तयार करविला. तो अधिक नेटका होता. पण आपलें खजिन्याचें बेट तें हें नव्हे, असें त्याला नेहमीं वाटत राहिलें. स्वतः कर्त्याची ही गत, तर लाखों रसिकांचें मन नव्या चित्रापुढें अडखळलें ह्यांत नवल नाहीं. फरक एवढाच कीं स्टीव्हन्सननें आपली खंत मनांत ठेवली आणि पुढें एका लेखांत ती विनोदानें सांगितली. दुसरा नकाशा काढणाऱ्यास त्यानें शिव्या दिल्या नाहींत.

१९ सप्टेंबर २०२२ रोजीं 'रिटर्न टु मंकी आयलंड' प्रसिद्ध झाला आणि त्याचें स्वागत चांगलें झालें. त्याच्या कथेची मांडणी मार्मिक आहे. गायब्रश आतां बाप झाला आहे आणि आपल्या जुन्या पराक्रमाची हकीकत मुलाला सांगत आहे. सांगतांना ती थोडी वाढते, थोडी बदलते, आणि शेवट कोणता मानावयाचा हें खेळणाऱ्याच्या निवडीवर सोडलेलें आहे. आजीची गोष्ट दर खेपेस निराळी होते म्हणून कोणी नातू तिला खोटी ठरवीत नाहीं.

ह्या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. कलाकृतीवर प्रेम करणाऱ्यास एक हक्क आपोआप मिळतो: आपल्या मनांतलें चित्र कागदावर उतरविण्याचा. मूळ कर्त्याचें नवें चित्र त्याला नापसंत करतां येतें, त्याविषयीं चार शब्द लिहितां येतात. परंतु कर्त्यानेंहि आपल्या मनांतलेंच चित्र काढावें, हा हट्ट त्या हक्कांत बसत नाहीं. आणि कुंचला धरणाऱ्या माणसाची मानहानि तर मुळींच बसत नाहीं. त्या जून महिन्यांत पुष्कळ रसिकांनीं भांडण्यांत वेळ घालविला. दुसऱ्या कांहींनीं नव्या शैलींतला गायब्रश आपल्या हातानें काढून पाहिला, आणि जुना गायब्रशहि काढला. मालिका जिवंत राहिली ती ह्या दुसऱ्या प्रकारच्या रसिकांमुळें.